दोन घरांमधली बाळंतीण

तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बाळ दवाखान्यात जन्मलं की पुढचे हे सहा दिवस गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईला, तोंडपाठ असतात. बाळंतपण घरीच झालं तर पहिला दिवस धरून सात. त्या दिवशी ती बाळंतिणीच्या घरी जाते, साबणाने हात धुते आणि ते हवेवर वाळू देते. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावते. कापडाची झोळी काट्याला अडकवून वजन घेते. मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटाची हालचाल मोजते. साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर पुन्हा एकदा मोजते, आणि आकडा पुन्हा तसाच आला तर गाडीची सोय बघायला लागते. तळपाय गार आहेत का, नाळ ओली आहे का, बाळ अंगावर नीट पितंय का, हे सगळं तिच्या फॉर्मवर असतं. मोठं यंत्र नाही, डॉक्टर नाही, औषधंही मोजकीच. तरीही या राज्यात बाळं जगवण्याच्या कामाचा कणा म्हणून कशाकडे बोट दाखवायचं असेल, तर ते या अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीकडे दाखवावं लागेल. पुढील पानांचा विषय ही गृहभेट आहे, आणि त्यातही पहिलटकरणीच्या, विशेषतः कोवळ्या वयात आई झालेल्या मुलीच्या घरची भेट. माझं म्हणणं थोडक्यात असं की, या भेटीचा धागा आज बाळाच्या वजनाला आणि घराच्या क्रमांकाला बांधलेला आहे. तो आई झालेल्या मुलीला बांधायला हवा, ती जिथे असेल तिथे. गगनबावड्यासारख्या तालुक्यात हा फरक फार ठळकपणे दिसतो.

ही भेट आली कुठून, हे आधी सांगायला हवं, कारण तिचं मूळ महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून नवजात बाळांची मोजदाद सुरू केली. तेव्हा हजार जन्मांमागे साठाहून अधिक बाळं पहिल्या २८ दिवसांतच जात होती. दवाखाना लांब, रस्ता नाही, आणि बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही अशी रीत. मग बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी दवाखान्यातलं शहाणपण बाळाच्या घरी नेता येईल का, असा प्रश्न त्यांनी उलटून विचारला. ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. गुदमरलेलं बाळ कसं सांभाळायचं, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला आणि गावातली बाई नवजात बाळाला वाचवू शकते, ही गोष्ट जगाला मान्य करावी लागली. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर नेला. २०१८ मध्ये त्याला पुढची कडी जोडली गेली: बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना आणखी पाच भेटी. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ आणि अर्भक मृत्युदर १६ होता. एवढी उतरण एकट्या गृहभेटींमुळे झाली असं कुणी म्हणणार नाही; रस्ते, १०८ ची गाडी, दवाखान्यातली बाळंतपणं, लसी यांचाही त्यात वाटा आहे. पण पहिल्या वर्षात जाणाऱ्या बाळांपैकी दोन तृतीयांश अजूनही पहिल्या महिन्यातच जातात, आणि त्या महिन्यातले बहुतेक दिवस बाळ घरीच असतं.

आता तो फॉर्म आईच्या बाजूने वाचून बघावा. तिला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, दूध आलंय का, असे प्रश्न त्यात आहेत आणि ते गरजेचे आहेत. पण ते सारे बाळाला जगवणाऱ्या शरीराबद्दलचे आहेत. त्या शरीराचं वय अठरा आहे की अठ्ठावीस, यामुळे भेटीत काही बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा पोटुशी होत्या. याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ज्या पोरीची स्वतःची वाढ पुरी व्हायची आहे, तिच्या ताटातलं अन्न आता दोघांत वाटलं जातं. सरकारी दप्तरात मात्र लग्न झालं की ती किशोरी राहत नाही. अंगणवाडीच्या एका वहीतून तिचं नाव निघतं आणि गरोदर मातांच्या वहीत चढतं. वय तेच, गाव बदललेलं, आणि किशोरवयीन मुलींसाठी म्हणून जे जे काही होतं, मासिक पाळीविषयीच्या बैठका, मैत्रिणींचा गट, शाळेची आठवण करून देणारी सेविका, ते सगळं एका रात्रीत मागे सुटतं. एकोणिसाव्या वर्षी आई झालेली मुलगी आरोग्यशास्त्राच्या हिशोबाने किशोरवयीनच असते, पण आपल्या यंत्रणेत तसा रकाना शोधून सापडत नाही.

गगनबावडा तालुका हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत लहान. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आतबाहेर होती. कोल्हापूरपासून पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्रीची कड येते आणि तिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली वैभववाडीकडे उतरतात. पावसाचं माप इथे इतर गावांच्या मापात बसत नाही. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडणं ही इथली सर्वसाधारण गोष्ट. कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरची वाट बंद होते. डोंगरात विखुरलेल्या वाड्या, त्यांच्याही पलीकडे धनगरवाडे, मधे ओढे. आषाढात बाळंत झालेल्या बाईचं घर आशाच्या घरापासून नकाशात दोन किलोमीटरवर असेल, पण मधला ओढा उतरेपर्यंत ते अंतर कितीही असू शकतं. भेटीच्या तारखा मात्र आषाढ आणि माघ यांत फरक करत नाहीत.

पावसाची अडचण सगळ्यांना दिसते, त्यामुळे तिच्यावर बोललं तरी जातं. दुसरी अडचण दिसत नाही, कारण ती आपल्याला अडचण वाटतच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोर आईकडे जाते, आणि बाळाला घेऊन सासरी येते ती सव्वा महिन्यानंतर, बरेचदा तीन महिन्यांनी. रीत मायेची आहे. पहिलटकरणीला तिच्या आईजवळ राहता यावं, घाबरली तर रडता यावं, चुकली तर बोलणी खावी लागू नयेत, एवढी समज तिच्यात आहे. पण आरोग्याची सारी मांडणी मात्र घर एकच आहे असं धरून चालते. गरोदरपणाची नोंद, पहिल्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, हे सासरच्या आशाकडे. बाळंतपण आणि पहिल्या सहा भेटी माहेरच्या आशाकडे. तीन महिन्यांपासूनच्या पाच भेटी पुन्हा सासरच्या आशाकडे. लेक घाटावरची आणि सासर घाटाखाली असेल, तर दोन तालुके आणि दोन जिल्हे. सातव्या महिन्यापर्यंत जिने या मुलीचा रक्तदाब पाहिला, जिला तिच्या नवऱ्याचा स्वभाव ठाऊक आहे, ती नेमकी बाळंतपणात तिच्याजवळ नसते. आणि जिने बाळंतपणानंतर तिची रडवेली सकाळ पाहिली, तिला ती पोर कोणत्या घरात परत चालली आहे याची कल्पना नसते. दोघींना जोडणारी वस्तू एकच, माता व बाल संरक्षण कार्ड. पिशवीत घडी घालून ते या गावाहून त्या गावाला जातं. त्यावर वजनं आणि तारखा असतात. सासूशी पटत नाही, दूध पाजताना भोवळ येते, नवरा पुढच्या मुलाची घाई करतो, या गोष्टी लिहायला त्यावर जागा नाही.

त्यातही सर्वांत मोठा खड्डा वेळापत्रकातच आहे. बेचाळिसाव्या दिवसानंतरची पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या सहा-सात आठवड्यांत एकही नाही. आणि पहिलटकरीण सासरी परतते ती याच आठवड्यांत किंवा त्यांच्या शेवटी. म्हणजे बाळाला सांभाळणारी तिची आई दूर गेली, न्हाऊ-माखू घालणारे हात दूर गेले, गोठा आणि चूल पुन्हा तिच्याकडे आली, नवऱ्याशी जवळीक पुन्हा सुरू झाली आणि पाळणा लांबवण्याविषयी अजून कुणी तिच्याशी बोललेलं नाही, अशा वेळी तिच्या दारात येणारं कुणीही नसतं. बाळाच्या दृष्टीने पाहिलं तर हा मधला काळ तुलनेने सुरक्षित. पहिल्या महिन्याचा धोका सरलेला असतो. आईच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यात अवघड वळण तेच. वेळापत्रक कुणी हलगर्जीपणाने केलेलं नाही. ते बाळाकडे बघून केलं आहे, इतकंच.

आणखी एक पोर तर या दोन्ही घरांत सापडत नाही. तालुक्यातच वेसरफ-पळसंब्याला साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडप्यामागे मिळते, म्हणून पोराचं लग्न लवकर लावायचं आणि पोरीचंही, हे गणित बीडकडच्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं मांडलं आहे. बीड जिल्ह्यात अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, बाळंत झालेल्या किंवा ओली बाळंतीण असताना पहाटे फडात जाणाऱ्या मुलीचं सासर इथलं नाही आणि माहेरही इथलं नाही. घराच्या क्रमांकावर चालणाऱ्या यादीत ती येणार कुठून? इथली आशा चांगुलपणाने कोपीवर जाऊन बाळाचं वजन करेलही, पण ती भेट कुठल्या वहीत चढवायची, तिचा मोबदला कोण देणार आणि पुढची भेट कोण करणार, हे प्रश्न तसेच राहतात. धागा मुलीला बांधलेला असता तर ते पडलेच नसते.

बाहेरच्या जगाचा अनुभवही इकडेच बोट दाखवतो. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावी ४०० पहिलटकरणी निवडल्या; त्यांतल्या पुष्कळशा एकोणिसाच्या आतल्या, बिनलग्नाच्या किंवा गरीब. प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणातच त्यांच्या घरी जायला लागली आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिली. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि आबाळीच्या नोंदी जवळपास निम्म्या होत्या. पहिलटकरणीच का निवडल्या, यामागचा विचार साधा होता. पहिल्या मुलाच्या वेळी आई शिकायला सर्वांत तयार असते, आणि तेव्हा लागलेल्या सवयी पुढच्या मुलांपर्यंत पोचतात. जमैकात सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली. आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जायची, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला करून दाखवायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा २५ टक्के अधिक कमावत होती. यात महाग असं काही नव्हतं. एकच बाई त्याच आईकडे पुन्हा पुन्हा गेली, एवढीच तिथली गुंतवणूक.

मनाच्या आजाराचं उदाहरण तर आपल्या शेजारचं आहे. गोव्यात म्हापशाच्या इस्पितळात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य सापडलं. नवऱ्याचा मार, भूक आणि मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी ते घट्ट जोडलेलं होतं. सहा ते आठ आठवडे म्हणजे नेमका बेचाळिसावा दिवस आणि त्याच्या पुढचे दिवस, जेव्हा आपल्या भेटी थांबतात. पाकिस्तानात डॉ. आतिफ रहमान यांनी २००८ मध्ये दाखवलं की, गावातल्या आरोग्यसेविकेला बोलण्याची काही साधी कौशल्यं शिकवली आणि गरोदरपणापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत सोळा भेटी दिल्या, तर सहा महिन्यांच्या टप्प्यावर नैराश्यात राहिलेल्या आयांचं प्रमाण तुलनेच्या गटातल्या ५३ टक्क्यांऐवजी २३ टक्के राहतं. त्या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. शिक्षणाने आणि राहणीने त्या आपल्या आशांच्याच जवळच्या होत्या.

याला विरोधी पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ओल्ड्स यांचा अमेरिकेतला कार्यक्रम ब्रिटनने २००७ पासून उचलला आणि एकोणीस किंवा त्याहून कमी वयाच्या १,६४५ मुलींवर त्याची कसून चाचणी केली. २०१६ मध्ये आलेले निष्कर्ष निराश करणारे होते. गरोदरपणातलं धूम्रपान कमी झालं नाही, बाळाचं जन्मवजन वाढलं नाही, दोन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा गरोदर राहणं टळलं नाही, बाळाच्या इस्पितळाच्या फेऱ्याही घटल्या नाहीत. गृहभेटी म्हणजे जादू, असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास दोनदा वाचावा. पण ज्यांच्याशी तुलना केली त्या मुलींनाही ब्रिटनमध्ये सुईण-परिचारिका आणि घरी येणारी आरोग्यसेविका मोफत मिळतच होती. भरल्या ताटात आणखी एक वाटी वाढल्यावर जेवढा फरक पडेल तेवढा तिथे मोजला गेला. शिवाय पुढे मुलं शाळेत गेल्यावर त्यांच्या विकासात आणि वाचनात थोडा चांगला फरक आढळला, म्हणजे फळ यायला वेळ लागला. यातून मी घेतलेला धडा असा: जिथे आधीच पुष्कळ आहे तिथे भर घालण्यापेक्षा, जिथे काहीच नाही तिथे भेट पोचवणं जास्त मोलाचं. गगनबावड्याच्या वेळापत्रकातले ते सहा-सात रिकामे आठवडे अशाच जागी येतात.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कोवळ्या वयातल्या आयांना आधार द्यायचा म्हणजे बालविवाहाला मूक संमती द्यायची, असं म्हणणारी माणसं चुकीच्या हेतूची नाहीत. १९२९ च्या सारडा कायद्यापासून २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यापर्यंत ही लढाई फार कष्टाने पुढे आली आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि लग्न थांबवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. मात्र कायद्याची जागा लग्नाच्या मांडवाआधी आहे. मांडव उठून वर्ष झालं, पोर सात महिन्यांची पोटुशी आहे, अशा वेळी तिला यादीतून वगळून कुठलं लग्न थांबतं? हा विचार आपण योजनांमध्ये एकदा करून पाहिला आहे. २०१० च्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेत १९ वर्षं पुरी असण्याची अट होती, जननी सुरक्षा योजनेतही होती. जननी सुरक्षेतली ती २०१३ मध्ये काढून टाकली गेली, आणि ते योग्यच झालं, कारण मदत नाकारल्याने वय वाढत नाही, फक्त कागदावर वाढवून सांगितलं जातं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर हा पेच अधिक घट्ट झाला आहे. अठराच्या आतली गरोदर मुलगी दिसली की कळवणं बंधनकारक. मग नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत, किंवा लांबच्या खासगी ठिकाणी वेगळ्या वयाने नेतात. आशा तर त्याच गावची. तिने कळवलं तर ते दार तिला कायमचं बंद होतं आणि न कळवलं तर ती कायद्याच्या कचाट्यात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने उघड करायची गरज नाही, असं म्हटलं, त्यातून थोडी वाट निघाली. बाळंतपणासाठी आणि गृहभेटीसाठी अशीच स्पष्ट वाट हवी. आणि हेही विसरू नये की अठरा पुरी झाल्यावर कायद्याने लग्न करून एकोणिसाव्या वर्षी आई होणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत कायद्याला काही म्हणायचंच नाही, आणि गरज मात्र तीच आहे.

घरात सासू आहे, आजेसासू आहे, मग परक्या बाईने येऊन शिकवायचं काय, हा तिसरा आक्षेप गावात उघडपणे बोलला जातो. त्यात तथ्य आहे. गृहभेट ही काही आरोग्यखात्याने लावलेली नवी रीत नाही. सुईण बाळंतिणीच्या घरी रोज येतच असे, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालत असे आणि बाळंतिणीचं पोट बांधून देत असे. शेक, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतिणीने जड उचलायचं नाही हा दंडक, यामागे बाईच्या थकलेल्या अंगाची जाण होती. आशाने हे मोडायला जाऊ नये, आणि चांगली आशा जातही नाही. पण त्याच खोलीत पहिलं चीक दूध पिळून टाकलं गेलं, बाळाला मध चाटवला गेला, कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर बाळाच्या छातीत गेला, हेही खरं. जुनं सगळं राखायचं किंवा सगळं टाकायचं, असे दोनच पर्याय कुणी ठेवले तर ते नाकारावेत. सासूचा अनुभव मोठा असतो, पण सासू ही त्या घरातली एक बाजूही असते, आणि एकोणीस वर्षांच्या सुनेला सासूविषयीच काही सांगायचं असेल तर ऐकणारं माणूस घराबाहेरून यावं लागतं. एरवी भेटीत सासूला बरोबर बसवावं. बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं हे तिच्या संमतीशिवाय घरात ठरत नाही. मात्र भेटीतली दहा मिनिटं पोरीची एकटीची असावीत. आणि एखादी भेट तरी नवरा घरी असेल अशा दिवशी, रविवारी किंवा सुगी संपल्यावर व्हावी, कारण पहिल्यांदा बाप झालेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराशी बोलायची तरतूद आज कुठल्याच फॉर्मवर नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईला कामाला असलेला नवरा सुट्टीला येतो तेव्हा बाळाला हातात घ्यायलाही बिचकतो. त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

उरतो आशांवरच्या बोज्याचा प्रश्न. पहिल्या सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये आणि पुढच्या पाच भेटींना प्रत्येकी ५० रुपये, असा मोबदला ठरवला गेला. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावं लागलं. अशा बाईला आणखी कामं सांगणं म्हणजे तिच्या कष्टांवर फुकट हक्क सांगणं होय, आणि ते मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पण गगनबावड्याचा हिशोब करून पाहावा. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. त्या मापाने ३६ हजार वस्तीत वर्षाला पाचशे-साडेपाचशे बाळं, आणि त्यांतली पहिली बाळं ढोबळ मानाने अडीचशेच्या आत. एका आशाच्या वाट्याला वर्षाला चार-सहा पहिलटकरणी. त्यांच्यासाठी गरोदरपणात दोन आणि परतण्याच्या आठवड्यांत दोन, अशा चार जादा भेटी धरल्या तर पुऱ्या तालुक्याच्या हजारभर होतात. प्रत्येक भेटीला दोनशे रुपये दिले तरी वर्षाचा खर्च दोन लाखांच्या घरात. प्रशिक्षणाचे आणि देखरेखीचे पैसे वेगळे धरावेत, तरीही एखाद्या ग्रामपंचायतीच्या लहानशा बांधकामाएवढंच हे प्रकरण होतं. तालुका लहान आहे, म्हणूनच तो आधी करून पाहण्याजोगा आहे. इथे चुकलं तर कमी चुकेल, आणि जमलं तर चंदगड, शाहूवाडी, राधानगरी यांच्या वाड्यांना तेच चालेल.

करायचं ते फार अवजड नाही. सातव्या महिन्यात पोर माहेरी निघाली की सासरच्या आशाने माहेरच्या आशाला फोन करायचा, आणि बाळंतीण परत निघाली की माहेरचीने सासरचीला. हा फोन हे तिचं काम मानायचं, त्याची नोंद घ्यायची आणि पैसेही द्यायचे. मुलीचा आरसीएच क्रमांक, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या नोंदणीचा क्रमांक, दोन्ही गावांत तोच असतो. तो वापरात आणायचा. आणि सासरी पोचल्यापासून आठवड्याच्या आत एक भेट. या भेटीत काटा पिशवीतच राहिला तरी चालेल. पोरीला नीट झोप मिळते का, ती दिवसातून किती वेळा जेवते, तिच्या आधी कोण जेवतं, बाळ रडायला लागलं की तिला कसं वाटतं, पुढचं मूल कधी हवं आहे आणि ते कोण ठरवतंय, तिला पुढे शिकायचं होतं का. पाऊस असेल, दाराशी घोंगडी वाळत असेल, सासू चुलीपाशी असेल. बाळाला तिच्याकडे देऊन आशाताईने पोरीबरोबर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं. एवढ्या वाटेत ती पोर बोलायला लागते.